बारीक आवाज

‘वेलनेस’ हा शब्द आमच्या कंपनीत पहिल्यांदा आला तो परदेशी गिऱ्हाइकाबरोबर. ऑडिटला आलेल्या साहेबाने विचारलं, कामगारांसाठी तुमच्याकडे वेलनेस प्रोग्रॅम आहे का? आमचे प्लँट मॅनेजर जराही न अडखळता म्हणाले, "आहे ना. आमच्या वेल्फेअर ऑफिसर बघतात तो." वेल्फेअर ऑफिसर म्हणजे मी. मी मागे उभी राहून चहा आला का ते बघत होते, आणि असा काही प्रोग्रॅम आहे आणि तो आपण बघतो, हे मला त्याच क्षणी कळलं.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. कंपनी पुणे-सोलापूर रस्त्याला, भांडगावपासून जवळच. गाड्यांना लागणारे पत्र्याचे पार्ट आम्ही काढायचो. कामगार बहुतेक आसपासच्या गावांतले, थोडे बिहारकडचे. मी दौंडला खोली घेऊन राहायचे. गुरुवारी कंपनीला सुट्टी, म्हणून बुधवारी संध्याकाळी चौफुल्याला शिरूरची एसटी धरायची आणि आईवडिलांकडे जायचं, हा शिरस्ता.

साहेब गेल्यावर मॅनेजरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "योगा ठेवा. सकाळी दहा मिनिटं, मैदानात. मागे बॅनर लावा. फोटो चांगले येतात."

मी म्हटलं, "सर, कानांचं काहीतरी करू या."

"कानांचं?" त्यांनी असं विचारलं, की जणू मी कान टोचण्याचा कार्यक्रम सुचवला होता.

त्यांची केबिन काचेची आणि एसीची होती. प्रेसशॉपचा आवाज तिथे पोचत नव्हता. प्रेसशॉपमध्ये ओळीने प्रेस उभे होते, आणि एकेक प्रेस पत्र्यावर आदळला की पायाखालची फरशी हलायची. तिथे कोणी कोणाशी बोलत नसे. सगळं हातवाऱ्यांनी. अंगठा तोंडाकडे नेला की पाणी, दोन बोटं ओठांवर की बिडी, मनगटावर टिचकी की सुट्टी किती वाजता. नवीन माणूस आठवड्यात ही भाषा शिकायचा. जुनी माणसं तर सुटल्यावर बसमध्येही शेजारच्याशी ओरडून बोलत, आणि ड्रायव्हर वैतागून म्हणे, "अरं, भांडताय का बोलताय?"

मला हे सगळं घरून माहीत होतं. माझे वडील शिरूरला पत्र्याच्या ट्रंका आणि धान्याच्या कोठ्या बनवणाऱ्या वर्कशॉपात कामाला होते. उभा जन्म पत्र्यावर हातोडा मारला. घरी आले की शांत बसायचे. आई चुलीपुढून विचारायची, "आमटी कशी झालीय?" वडील खाली मान घालून जेवायचे, हात धुवायचे आणि ओट्यावर जाऊन बसायचे. आईच्या हाताला चव होती, सगळी भावकी तिच्या कटाच्या आमटीचं नाव काढायची. नवऱ्याने मात्र कधी बरी म्हटली नाही की वाईट म्हटली नाही. मग भांडी आपटायची, आणि ते ठरलेलं वाक्य यायचं: "माझं सोडून सगळ्या गावाचं ऐकू येतं ह्यांना!" ते खोटंही नव्हतं. शेजारचे आबा ओट्यावर आले की वडील त्यांच्याशी तासभर बोलायचे. आई म्हणायची, हे सोयीचं बहिरेपण. आम्हा भावंडांनाही ते पटलेलं होतं.

पण कान थोडे तरी गेलेत आणि ते हातोड्याने गेलेत, एवढं मला कळत होतं. शिकून-सवरून मी ज्या कंपनीत कामगारांच्या कल्याणाचा पगार घेते, तिथेही तेच चालू द्यायचं? मला ते जमणार नव्हतं. वडील मला लहानपणापासून हेकट म्हणायचे. म्हटलं, आता ते नाव सार्थकी लावू.

मॅनेजरांनी शेवटी वैतागून होकार दिला. परचेसवाल्यांनी कानात घालायचे बोळे मागवले, आणि स्वस्तात मिळाले म्हणून पांढरे, कापसासारखे मागवले. पाडवा झाल्यावर एका सकाळी मी पाळी सुरू व्हायच्या आधी प्रेसशॉपमध्ये गेले, चांगलं भाषण केलं आणि प्रत्येकाच्या हातावर दोन-दोन बोळे ठेवले.

कोणी हललं नाही. सगळे हाताकडे बघत राहिले. मग खुटबावचा एक ऑपरेटर पुढे आला. ऐन तिशीतला, उंच, शॉपमधला सगळ्यात तरबेज गडी. आज्यापर्यंत घरात मेंढरं होती, बापापासून शेती. बाकीचे त्याच्याकडे बघून हो-नाही ठरवायचे.

"म्याडम, ह्ये काय हाय तुमाला ठावं हाय का?"

"कानात घालायचे बोळे."

"व्हय. पन कुनाच्या कानात? मानूस गेल्यावर नाकात-कानात घालत्यात ह्ये. मी अजून जिता हाय."

मागून बिहारचा एक जण हळूच म्हणाला, "हमारे यहाँ भी मुर्दे को ही लगाते हैं, मैडम."

इतकी मयतं मी पाहिली होती, आणि मला ते सुचलं नव्हतं. माझ्या डोक्यात डेसिबल आणि कायद्याची कलमं. त्यांच्या हातावर मात्र तिरडीवरचा कापूस. एकेकाने येऊन बोळे माझ्यासमोरच्या टेबलावर ठेवले. कोणी फेकले नाहीत, हे त्यातल्या त्यात. खुटबावचा गडी जाता जाता म्हणाला, "आन् आमच्या घरान्यात कान तिखट असत्यात. आमचा आजा अंधारात नुसत्या आवाजावरनं सांगायचा, कोकरू कुठल्या मेंढीचं हाय ती."

मॅनेजरांना दुपारपर्यंत बातमी लागली. "मी म्हटलं होतं, योगा घ्या," ते म्हणाले. मी म्हटलं, "योगाही घेते सर, पण कान सोडत नाही." त्यांनी कपाळाला हात लावला.

वैशाखात आमच्या स्टोअरमधल्या एकाचं लग्न होतं. अख्खं प्रेसशॉप धुतलेल्या कपड्यांत, टोप्या घालून हजर. मांडवाच्या दाराशी नवरीचा मामा अत्तराची बाटली आणि कापूस घेऊन उभा होता. येणाऱ्या प्रत्येक मानकऱ्याच्या मनगटाला अत्तर, आणि मग एक छोटासा फाया करून कानाच्या खोबणीत. माझ्यासमोर आमचे लोक रांगेत उभे राहिले. खुटबावच्या गड्याने तर टोपी जरा तिरकी केली आणि कान पुढे केला. फाया बसल्यावर चेहऱ्यावर असं समाधान, की विचारू नका.

मी बघतच राहिले. शेजारी आमचे फोरमन उभे होते, सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. मी म्हटलं, "आप्पा, हा पण कापूसच की! हा कसा चालतो?"

आप्पा हसले. "आवो, ह्यो मान असतो. तुमी तवा दिला त्यो नुसता कापूस. कोन देतं, कवा देतं, आन् कसं देतं, ह्याला किंमत असती."

जेवणाच्या पंगतीत बसल्या बसल्या मी ठरवलं: खंडेनवमी. त्या दिवशी कंपनीत मशिनी बंद असतात, धुऊन-पुसून झेंडूच्या माळा घालतात, पाने, हातोड्या, मापाच्या गेजा पांढऱ्या कापडावर मांडून त्यांना हळदीकुंकू वाहतात. पूजेला मांडलेली वस्तू आपल्याकडे कोणी टाकत नाही. आणि बोळे आणायचे ते हळदीसारखे पिवळे, वर लग्नातल्यासारखं अत्तर. पुरवठादाराला विचारलं तर म्हणाला, पिवळे मिळतात, पण पांढऱ्यापेक्षा महाग. मी म्हटलं, पिवळेच.

पण नुसत्या पूजेने भागणार नव्हतं. आधी कोणाचे कान किती गेलेत ते कळायला हवं होतं, आणि तिथे गाडं अडलं. शॉपमध्ये बातमी पसरली, की कानाची तपासणी म्हणजे माणसं काढायची तयारी. मी ‘तसं नाही’ म्हणून काय उपयोग? मी मॅनेजरांना कँटीनमध्ये घेऊन गेले आणि सगळ्यांसमोर उभं केलं. ते इंग्रजी-मराठीत धोरण वगैरे बोलायला लागले. मी शेजारी उभी राहून हळूच म्हटलं, "सर, ‘कोणालाही काढणार नाही’ एवढंच म्हणा." ते थांबले, माझ्याकडे रागाने बघून तेवढंच म्हणाले. मी म्हटलं, "मागच्यांना ऐकू आलं नाही सर." ते पुन्हा, मोठ्याने म्हणाले.

तरीही खुटबावचा गडी तयार नव्हता, आणि तो नाही म्हणून निम्मी पाळी नाही.

पंचमीनंतरची गोष्ट. वॉचमनने सांगितलं, गेटवर एक बाई आल्यात, मॅडमलाच भेटायचंय म्हणतात. ती खुटबावच्या गड्याची बायको होती. माहेर भांडगावचं, पंचमीला आली होती ती परत गेलीच नव्हती. कडेवर मुलगी, वर्ष-दीड वर्षाची. मी तिला ऑफिसात बसवून पाणी दिलं.

"ताई, तुमी बाईमानूस हायसा म्हनून आले. आता मी न्हाई नांदायची तितं. मार न्हाई, दारू न्हाई, कुनी इचारलं तर सांगू काय? पन मानूस मला मोजीतच न्हाई. मी बोलती आन् त्ये भितीकडं बघतंय. पोरगी बाबा बाबा करती, तिच्याकडं सुदीक बघत न्हाई. आन् दोस्त आला का खिदळतोय. माझं सोडून समद्या गावाचं ऐकू येतं त्याला!"

शब्द न् शब्द आईचा. शिरूरच्या चुलीपुढचं वाक्य भांडगावच्या या पोरीच्या तोंडी कुठून आलं? दोन बायका, दोन गावं, दोन पिढ्या, आणि दोघींचे नवरे पत्रा बडवणारे. यात नुसता स्वभाव नाही, एवढं मला त्याच क्षणी कळलं. काय आहे, ते मात्र कळत नव्हतं.

मी तिला म्हटलं, "मला खंडेनवमीपर्यंत वेळ दे. तोवर काडीमोडाचं नाव काढू नकोस."

"त्येवडं थांबती," ती म्हणाली, "पन त्याच्यासाटी न्हाई. तुमच्यासाटी."

त्याच दिवशी मी त्याला गाठलं. म्हटलं, "तुमचे कान तिखट आहेत ना? मग या आणि दाखवा सगळ्यांना. तपासणीत तुम्ही पहिले." असं डिवचल्यावर तो कशाला मागे राहतो?

घटस्थापनेच्या आधीच्या गुरुवारी पुण्याहून कानाचे डॉक्टर मशीन घेऊन आले. कंपनी बंद होती तरी हायवेच्या ट्रकांचा आवाज यायचा. म्हणून आप्पांनी घराघरांतून गोधड्या आणायला लावल्या आणि स्टोअरच्या मागच्या खोलीत चारही भिंतींवर टांगल्या. इतकी शांत खोली मी त्या कंपनीत कधी पाहिली नव्हती.

तो खुर्चीत बसला, कानांवर हेडफोन. आवाज आला की बोट वर करायचं. डॉक्टरांनी जाड, घुमणारे आवाज सुरू केले. बोट लगेच वर. पुन्हा वर. तो माझ्याकडे बघून हसला, बघा म्हटलं नव्हतं? मग डॉक्टरांनी आवाज बारीक करत नेले. त्याचं बोट गुडघ्यावरच राहिलं. डॉक्टरांनी बटण फिरवून आवाज वाढवला. आणखी वाढवला. आता मला तो दाराशी ऐकू येत होता, त्याच्या हेडफोनमधून बाहेर झिरपणारा, शिट्टीसारखा. आणि गडी तसाच बसला होता. हसरा, सावध, बोट तयार ठेवून, पुढच्या आवाजाची वाट बघत.

मी गोधडीकडे तोंड फिरवलं.

"संपलं?" त्याने विचारलं.

डॉक्टरांनी हेडफोन काढले आणि समोर बसून त्याला समजावलं. आवाजाने कान एकदम जात नाहीत. आधी बारीक आवाज जातात, जाड राहतात. गड्यांचं बोलणं कळतं, गाडीचा हॉर्न कळतो. बायकांचे, लहान मुलांचे बारीक आवाज आणि त्यांतले शब्द हरवतात. माणसाला वाटतं आपण ठणठणीत आहोत, कारण जे ऐकू येत नाही ते हुकलं, हे त्याला कळणार कसं? गेलेलं परत येणार नाही. राहिलेलं राखता येईल.

त्याने काढून ठेवलेल्या हेडफोनकडे बघितलं. मग म्हणाला, "म्हंजी... ती बोलत व्हती?"

"हो," मी म्हटलं.

"आन् पोरगी बी?"

मी मान डोलावली. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तिच्याकडेच बघत बसला. बाहेर रांगेत उभे असलेले लोक आत डोकावत होते. तो उठला, दाराशी गेला आणि म्हणाला, "या एकेक जन. गुमान तपासून घ्या." त्यानंतर कोणी नाही म्हटलं नाही.

डॉक्टर जाताना मला म्हणाले, बोळे हा शेवटचा उपाय, आधी आवाज कमी करा. आणि अत्तर बोळ्याला लावाल तर खबरदार, कानाच्या पाळीमागे लावा. मी दोन्ही गोष्टी मॅनेजरांकडे घेऊन गेले. अत्तराला ते लगेच हो म्हणाले. प्रेसखाली रबर बसवायला आणि पार्ट पडायच्या लोखंडी पेट्यांना आतून रबर लावायला मात्र पुढचं वर्ष गेलं. त्यासाठी मी किती वेळा त्यांच्या केबिनचं दार वाजवलं, ते तेच सांगू शकतील. पण लागलं रबर.

खंडेनवमीला कामगारांच्या घरच्यांना बोलावलं. भांडगावला, खुटबावच्या गड्याच्या बायकोच्या माहेरी, मी स्वतः गेले. तिचे वडील सोसायटीत उठबस असलेले, ताठ. म्हणाले, पोरगी काही येणार नाही. मी म्हटलं, "तिला सासरी धाडा म्हणत नाही. फक्त एकदा येऊन ऐकू द्या." ती आली, आईला बरोबर घेऊन.

पूजा आप्पांच्या हस्ते झाली. पान्या-हातोड्यांशेजारी पितळी तबकात पिवळे बोळे, त्यांच्यावर हळदीकुंकू, झेंडूच्या पाकळ्या. नारळ फुटला. मग मी बायकांना प्रेसशॉपमध्ये नेलं आणि आप्पांना खूण केली. सगळे प्रेस एकदम सुरू झाले.

पोरं भोकाड पसरून रडायला लागली. बायकांनी कानांवर हात दाबले, एक म्हातारी तर खालीच बसली. भांडगावची ती मात्र तशीच उभी होती, पोरीचे कान छातीशी दाबून धरलेले. ती नवऱ्याकडे वळून काहीतरी म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, ओरडून. तिला स्वतःलाही ते ऐकू आलं नसणार.

मी हात वर केला. प्रेस थांबले. तिने मला विचारलं, "पाळीभर ह्येच?"

"पाळीभर."

"आन् मी भाकरीच्या टायमाला चुलीम्होरनं बडबडती, आन् म्हनती मोजीत न्हाई." ती एवढंच बोलली. मग मी तिला डॉक्टरांचं सगळं सांगितलं. मागून ओरडू नकोस, आवाज चढवलास की तो आणखी बारीक होतो. समोर जा, तुझं तोंड त्याला दिसू दे, आणि जाड आवाजात सावकाश बोल.

ठरल्याप्रमाणे ज्याच्या-त्याच्या घरच्या बाईने बोळे घालायचे होते, बायकोने नाहीतर आईने. ज्यांचं कोणी आलं नव्हतं त्यांना, बिहारच्या पोरांनाही, आप्पा घालणार होते. सगळे जरा लाजत उभे. ती तबकापाशी गेली, दोन पिवळे बोळे उचलले, नवऱ्यासमोर आली आणि त्याचा कान धरून असा वर ओढला की अख्खं शॉप हसलं. बोळा घालायची ती रीतच आहे, कान वर ओढावाच लागतो. पण तिने जरा जास्तच ओढला. त्याने दुसराही कान पुढे केला. मग आप्पांनी पाळीमागे अत्तर लावलं. त्या संध्याकाळी ती आईबरोबर भांडगावला गेली नाही, खुटबावच्या बसमध्ये बसली.

मी पहाटेच्या एसटीने शिरूरला आले, दसऱ्याला. दाराला तोरण, वडील ओट्यावर, आई पुरण वाटत बसलेली. मी तिच्या शेजारी बसून सगळं सांगितलं. गोधड्यांची खोली, गुडघ्यावरचं बोट, बारीक आवाज. आईचा हात पाट्यावर थांबला नाही. मला वाटलं, हिच्यापर्यंत पोचलंच नाही. सांगून झाल्यावर तिने फक्त विचारलं, "आदी बायकांचा जातो?"

"हो आई."

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा वाटायला लागली.

दुपारी पानं घेतली. वडिलांना वाढून आई नेहमी चुलीपाशी परत जायची. आज गेली नाही. पदर सावरून त्यांच्या ताटासमोर मांडी घालून बसली. वडील घास हातात धरून बघायलाच लागले. आईने घसा साफ केला आणि पुरुषासारख्या जाड आवाजात, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "आमटी, कशी, झालीय?"

"झाक झालीय की," वडील म्हणाले. "रोजच असती. तू कवा इचारतच न्हाईस."

आईने त्यांच्या वाटीत आणखी आमटी वाढली आणि तशीच समोर बसून पुढचं विचारलं, मीठ बरोबर पडलंय का.